पाकिटावरची तारीख

सरांना नुसतं 'काल' म्हटलेलं चालत नसे. तुम्ही सहज बोलून गेलात, की सर, काल येऊन गेले मी, तुमचं दार बंद होतं, तर ते हातातलं काम बाजूला ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि अगदी मनापासून विचारत, "कोणाचा काल?" नवा माणूस गांगरून जाई. मी एकदा वैतागून म्हटलं, माझाच काल, आणखी कोणाचा असणार. तर म्हणाले, "मग ठीक आहे, ताई. तुमचा-माझा एकच आहे. पण सगळ्यांशी आपला काल जुळतेच असं नाही."

तेव्हा मला वाटलं, माणूस थोडा सरकलेला आहे. आज वाटतं, सरकलेला होताच, पण चांगल्या बाजूला सरकलेला.

तुमसरच्या बाजारात धानाच्या एका अडत्याच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर त्यांची लांबोडकी खोली होती. आधी तिथं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. टाइपरायटरचे दिवस गेले तसे त्याच टेबलांवर कॉम्प्युटर आले. खाली दिवसभर पोत्यांची चढ-उतार चाले आणि कोंड्याची धूळ जिन्यानं वर येई. सर रोज सकाळी एकेक कीबोर्ड उलटा करून त्याच्या पाठीवर थापट्या मारत, तान्ह्या बाळाला ढेकर यावा म्हणून मारतात तशा. मी तिथं फी घ्यायला आणि मुलांची नावं लिहून घ्यायला लागले होते. शिक्षण माझं नववी. पण मुलं घरी गेली की मशीनं रिकामी राहत, आणि सर कोणाला नाही म्हणत नसत. "बसा ना ताई, ते काही चावत नाही." अशी बसता बसता शिकले. कोणी शिकवलं असं म्हणवत नाही, कारण सर शिकवत कमी आणि मध्येच थांबून विचार करत जास्त.

तारखांच्या बाबतीत मात्र ते थांबत नसत. तिरोडा वगैरे घेऊन गोंदिया भंडाऱ्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला त्याला बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. तिरोड्याचा एक माणूस आपल्या बहिणीचं टायपिंगचं जुनं प्रमाणपत्र घेऊन आला. त्यावर जिल्हा भंडारा होता, त्याला तो बदलून गोंदिया हवा होता. दुसरा कोणी असता तर चहा पाजून बदलून दिला असता. सरांनी कागद उजेडात धरला, तारीख वाचली आणि म्हणाले, "या दिवशी तिरोडा भंडाऱ्यातच होता. मी खोटं कसं लिहू?" माणूस म्हणाला, सर, पण आता तर नाही ना. सर म्हणाले, "मग आता परीक्षा द्यायला लावा बहिणीला." बहिणीला तोवर नातू झाला होता.

लग्नाची पत्रिका आली की नवरा-नवरीची नावं राहिली बाजूला, आधी तारखेशी वार जुळतो का ते पाहत. सानगडीच्या एका विद्यार्थ्याच्या पत्रिकेत तारीख रविवारची होती आणि छापलेला वार होता सोमवार. सरांनी अंदाज केला नाही. ते दोन्ही दिवशी सानगडीला गेले. रविवारी मांडवाच्या बल्ल्या धरू लागले, हळदीचं जेवण जेवले, रात्री परत तुमसरला आले, आणि सोमवारी तेच पॅन्ट-शर्ट इस्त्री करून पुन्हा हजर. मुलाच्या बापानं विचारलं, सर, मुक्कामच करायचा ना. तर म्हणाले, "पत्रिकेत दोन दिवस होते, मधली रात्र कुठं होती?"

हे अंदाजाचं वावडं कुठून आलं, हे मी पुष्कळ दिवस शोधत होते. एकदा सापडलं. एक जुलैला मुलांनी केक आणला. कागदोपत्री सरांचा वाढदिवस तो. आमच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जुलैच, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख टाकून मोकळे होत. सरांनी मुलांना केक खाऊ दिला, स्वतः नुसते पाहत बसले. मग मला म्हणाले की आई सांगायची, तू झाला तेव्हा धान निसवत होता. म्हणजे लोंब्या बाहेर पडत होत्या. "जुलैत कुठं धान निसवते, ताई? जुलैत तर रोवणे चालतात." रोवणे म्हणजे धानाची लावणी. कोण्या एका माणसानं घाईत अंदाज लावला, आणि त्या अंदाजावर हा माणूस शाळेत गेला, नोकरीच्या वयात बसला, नोकरीच्या वयातून उठला. "तारीख समजली नाही तर समजली नाही म्हणावं," ते म्हणाले. "रिकामी जागा बरी. रिकामी जागा पाहून कोणी तरी विचारते तरी."

अशा माणसाच्या हाती इंटरनेट आलं. इतरांनी त्यात सिनेमे पाहिले, निकाल पाहिले. सरांना त्यात तारखा सापडल्या.

मला त्यांनी ते समजावलं ते असं. तुम्ही मशीनवर एखादं पान मागता, तेव्हा ते पान उघडं येत नाही, पाकिटात येतं. आपल्याला पाकीट दिसत नाही, मशीन ते परस्पर फाडून आतलं पान दाखवतं. पण त्या पाकिटावर शिक्के असतात. पान कोणत्या मशीननं पाठवलं, केवढं आहे, आणि त्या पानाला शेवटचा हात कधी लागला, त्याची तारीख. सरांनी पायथन नावाच्या भाषेत दोन-चार ओळी लिहिल्या आणि मला पहिल्यांदा एका पाकिटाचे शिक्के काढून दाखवले. मी खरंच खुर्ची पुढं ओढली. इतकी वर्षं पत्रं वाचत होते आणि पाकीट कधी पाहिलंच नव्हतं.

तारखेची ओळ इंग्रजीत. आधी वाराची तीन अक्षरं, स्वल्पविराम, मग तारीख, महिन्याची तीन अक्षरं, साल, वेळ, आणि शेपटाला जीएमटी. आपल्याला ती तारीख दिसते, पण मशीनला ती नुसती अक्षरांची माळ. मण्यामण्यानं सांगावं लागतं की हा वार, हा महिना. त्याच्या खुणा असतात, टक्क्याचं चिन्ह आणि पुढे एक अक्षर. खाली अडत्याचा दिवस टक्क्यांत जाई आणि वर आमचा.

बरं, सगळी पाकिटं एकसारखी असतील तर ते इंटरनेट कसलं. कोणी जुनं मशीन वाराचं पूर्ण नाव लिही, मध्ये आडव्या रेघा देई आणि सालाचे शेवटचे दोनच आकडे टाकी. आणखी एक त्याहून निराळं, स्वल्पविराम नाही, साल सगळ्यांत शेवटी, आणि जीएमटीचा पत्ताच नाही. सर त्यांना तीन भाऊ म्हणत. थोरला नीटनेटका, मधला कंजूष, धाकटा विसराळू. "वाचताना तिघांचंही ऐकून घ्यायचं," ते सांगत, "पण आपण लिहू तेव्हा थोरल्यासारखं लिहायचं." आणि तिघांपैकी कोणाशीच जुळलं नाही, तर त्यांचा प्रोग्राम पडद्यावर मराठीत लिही, 'समजलं नाही'. ते वाक्य उमटलं की सर खूश होत. ओळ कागदावर उतरवून घेत, खिशात घालत, आणि चहा पिताना काढून पाहत बसत. मला विचारत, "हे कोणी लिहिलं असंल, ताई? काहून लिहिलं असंल असं?"

पुढं प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी सर आपली एक चूक सांगत. मुलं हसत. मी हसत नसे, कारण त्या दिवशी मी तिथं होते.

नदीकाठच्या बपेऱ्याची पारबता आमच्या बाजारात डांगरं विकायला येई. डांगरं म्हणजे तुमच्याकडची खरबुजं. उन्हाळ्यात नदी आटली की ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची, घरं रेतीत वाड्या करतात. पात्रातली जागा आपसांत वाटून घ्यायची, रेतीत आळी खणायची, शेणखत भरायचं, वेल लावायचे आणि माल निघेपर्यंत तिथंच झोपडी घालून राहायचं. वर्षाची हीच पेरणी आणि हीच कापणी. भीती एकच. वर मध्यप्रदेशात धरण आहे. तिथून खालच्या गावांसाठी भर उन्हाळ्यात पाणी सोडतात, आणि मग वाडी गेली. आधी कळलं तर पिकलेला माल तोडता येतो, पाणी ओढायचं इंजिन काठावर चढवता येतं. पण कळायचं कसं? "धरणवाले पानी सोडते, कोतवाल मंग सांगते," पारबता म्हणायची. "त्याचा आवाज येईस्तोवर वेल न्हाऊन निघते, बाई."

धरणाच्या ऑफिसचं इंटरनेटवर एक पान होतं. पाणी सोडायचं असलं की त्यावर हिंदीत एकच ओळ येई, 'आज शाम नदी में पानी छोड़ा जाएगा।' बस. तारीख नाही, वार नाही. आणि ती ओळ नंतर कोणी काढतही नसे, आठ-आठ दिवस 'आज शाम' तशीच टांगलेली. सरांना असं पान म्हणजे मेजवानीच. कोणता आज, हे आतलं पान सांगत नव्हतं, पण पाकीट सांगत होतं. त्यांनी प्रोग्राम लिहिला. तो पाकिटावरची तारीख वाचे आणि सांगे, सूचना 'आजची' की 'जुनी'. मागच्या उन्हाळ्यात त्यामुळे पारबताला वेळेवर कळलं होतं. तेव्हापासून बाजारात बसण्याआधी जिना चढून आमच्याकडे विचारून जाणं ही तिची रीत झाली होती.

त्या बुधवारी ती सकाळी आली. टोपली दाराशी ठेवली, पदरानं मान पुसली. पानावर 'आज शाम' होतं. सरांनी प्रोग्राम चालवला, तो म्हणाला 'जुनी'. म्हणजे मंगळवारची. मंगळवारची संध्याकाळ तर होऊन गेली होती आणि नदीत पाणी आलं नव्हतं. सर म्हणाले, सोडणं रद्द झालं असेल, जा तू बिनघोर. पारबता हसली, एक डांगर टेबलावर ठेवून गेली. वाडी अगदी भरात होती त्या वेळी, निम्मा माल पिकायचा होता.

दुपारी सर डबा उघडून बसले आणि नेहमीसारखी ती पाकिटावरची ओळ मुळातून वाचू लागले. प्रोग्राम सांगतो ते नाही, खुद्द अक्षरं. मंगळवार, रात्रीचे अकरा चाळीस. त्यांचा घास हातातच राहिला.

"ताई, रात्री पावणेबाराले धरणाच्या ऑफिसात कोण बसला असंल?"

मी म्हटलं, चौकीदार असेल. ते म्हणाले, चौकीदार कशाला इंटरनेटवर लिहील. मग मी म्हटलं, तिकडं हल्ली दिवसा विजेची लाइन राहत नाही म्हणतात, भल्या पहाटे येते, तेव्हाच उठून करत असेल बिचारा कोणी.

"पहाटे," सर म्हणाले. आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी डब्याचं झाकण खाली ठेवलं.

शेपटाला जीएमटी होतं ना. म्हणजे विलायतेचं घड्याळ. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. त्या घड्याळात मंगळवारची रात्र, तर इथं बुधवारची पहाट. प्रोग्रामनं ती तीन अक्षरं वाचली होती, बरोबर आहेत म्हणून मान हलवली होती, आणि पुढं काहीच केलं नव्हतं. वेळेत साडेपाच तास मिळवायला सरांनी त्याला सांगितलंच नव्हतं. आजवरच्या सूचना भर दिवसाच्या, तेव्हा तास चुकले तरी वार चुकत नव्हता. जगाला 'कोणाचा काल' विचारणारा माणूस आपल्याच प्रोग्रामला विचारायला विसरला होता. सूचना आजची होती. पाणी आज संध्याकाळी सुटणार होतं.

त्यांनी आधी धरणाच्या ऑफिसात फोन लावला. तो वाजत राहिला. मग जिना उतरून भर उन्हात बाजाराकडे असे निघाले की मला मागं पळावं लागलं. पारबता ताडपत्रीच्या सावलीत बसली होती. सरांनी गिऱ्हाइकांसमोरच सांगितलं, मी सकाळी चुकीचं सांगितलं, सूचना आजची आहे. विलायतेच्या घड्याळाचंही सांगितलं, सगळं. ती ऐकत होती आणि हातातलं डांगर उगाच पुसत होती.

"पक्कं सांगा, मास्तर," ती म्हणाली. "कच्चा माल तोडला अन् पानी नाई आलं, तर माह्या हातानं म्या माही वाडी मारली. मंग कोनाले बोलू?"

सरांना त्या वेळी हो म्हणणं सोपं होतं. ते म्हणाले, "तारीख पक्की आहे. पाणी सोडतीलच का, ते मले माहीत नाही."

पारबतानं हातातलं डांगर टोपलीत ठेवलं. मग उठली, ताडपत्रीची दोरी सोडली आणि मेटाडोरवाल्याला हाक मारली. सर न विचारता मागं चढले. मी घरी निरोप धाडला आणि मीही चढले.

रेती इतकी तापली होती की चपलेतून पाय भाजे. पारबताच्या शेजारची वाडी तिच्या दिराची. तो झोपडीच्या सावलीतून आमची धावपळ पाहत होता. सकाळी मशीन म्हणते जुनं, दुपारी म्हणते नवं, संध्याकाळी जेवण झालं का विचारंल, असं काहीबाही बोलला. त्यानं आपलं इंजिन तेवढं काठावर चढवलं, मालाला हात लावला नाही. पारबता ओळीनं जात होती. पिवळं झालेलं तोडायची, देठाशी हिरवं असलेलं हातात धरून क्षणभर थांबायची आणि तेही तोडायची. अगदी लहान तेवढी ठेवली. सर टोपल्या काठावर नेत होते. टायपिंगच्या खुर्चीत आयुष्य गेलेला माणूस, दर खेपेला रेतीत गुडघ्यापर्यंत रुततो की काय असं वाटे, पण थांबले नाहीत.

संध्याकाळ झाली. पाणी नाही. दिवस बुडाला. पाणी नाही. दीर दोनदा येऊन कोरड्या पात्राकडे हात करून गेला. काठावर डांगरांचा ढीग, त्यात निम्मी हिरवी, आणि वाडीत नुसते वेल. सर त्या ढिगाशी बसून होते. मी म्हटलं, सर, धरण दूर आहे, सोडलेलं पाणी पोचायला वेळ लागतोच. ते म्हणाले, "हो, लागते." पण ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. पाणी यावं असं त्यांना वाटत होतं की येऊ नये असं, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनाही ते सांगता आलं नसतं.

पहाटे पारबतानंच उठवलं. नीट दिसतही नव्हतं. वरच्या अंगाला रेतीचा रंग बदलत होता, पांढऱ्याची काळी होत होती, आणि ती काळी रेघ आवाज न करता आमच्याकडे येत होती. पूर नव्हता तो. कोणी अंगण सारवत यावं तसं ते पाणी आलं. आळ्यांत शिरलं, वेल आधी उचलले गेले, मग आडवे पडले. दीर पळत येऊन आपल्या वाडीत घुसला आणि हाताला लागेल ते काठावर फेकू लागला. सर त्याच्या वाडीत उतरले. मीही उतरले. पाणी मांडीला लागेपर्यंत आम्ही तोडत होतो. त्याचं थोडंच निघालं.

वर आलो तेव्हा पारबता आपल्या वाडीसमोर उभी होती. वाडी म्हणजे आता नुसती झोपडी आणि भोवती पाणी. ती रडत नव्हती. तिचा चेहरा, खरं सांगते, एखादी गोष्ट समजून घ्यायची असली की माणसाचा होतो तसा होता.

"मास्तर, त्या विलायतेच्या घड्याळात आता किती वाजले जी?"

सरांनी मनात हिशोब केला. "रात्रीचे साडेअकरा," ते म्हणाले. "त्या घड्याळात अजून कालच आहे."

पारबतानं मान हलवली.

"मंग तिकडं माही वाडी हाये म्हना आजून," ती म्हणाली.

झोपडीचा एक खांब कलला, तसा पारबतानं लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि ढिगातली पिवळी डांगरं बाजूला काढायला बसली. सर तिच्या समोर बसले आणि हिरवी वेगळी करू लागले.